येतानाची बावीस मिनिटं

१

माझं काम काय, असं कुणी विचारलं की मी आधी एक सुस्कारा सोडते. विमान सुटण्याआधी ते कुठल्या वाटेने जाणार, किती वेळ घेणार आणि त्याला किती इंधन लागणार, हे ठरवणं माझं काम. हे ऐकून निम्मे लोक विचारतात, "म्हणजे तुम्ही पायलट?" उरलेले विचारतात, "मग आम्हाला तिकीट स्वस्तात मिळेल का?" इतकी वर्षं झाली, तिसरा प्रश्न कुणी विचारलेला नाही.

आमच्या खोलीला खिडकी नाही. विमानतळावर काम करते म्हटलं की लोकांना वाटतं, दिवसभर विमानं बघत बसत असेन. मी बघते संगणकाचे चार पडदे, भिंतीवरची निरनिराळ्या देशांची घड्याळं आणि झाकण न लागणारी एक किटली. माझ्याकडे जे मार्ग आहेत त्यातला सगळ्यात लांबचा दादाच्या शहराचा. बाबा दादाकडे राहायचे, म्हणून तो मार्ग मी हट्टाने मागून घेतला होता. दोन विमानतळांमधलं अंतर नऊ हजार किलोमीटरच्या थोडं वर. ते अंतर बदलत नाही, विमानतळ काही रांगत रांगत लांब जात नाहीत. बदलतो तो वेळ, आणि तोही वाऱ्यामुळे. वारा पाठीशी असला तर अकरा तासांच्या आत, समोरून असला तर थोडं वर. समोरून असला की वेळ जास्त आणि इंधनही जास्त. एवढं कळायला शाळेतही जावं लागत नाही.

या वर्षी तिकडून येणारं विमान उशिरा पोहोचू लागलं. आधी चार मिनिटं, मग नऊ, मग तेरा. जाणारं वेळेवर, येणारं मात्र उशिरा. उशीर होतो, त्यात विशेष काही नाही. वारा माझ्या अंदाजापेक्षा जोरात असेल असं म्हणून मी सोडून दिलं असतं. पण उतरल्यावर टाकीत किती इंधन उरलं तो आकडा माझ्याकडे येतो, आणि तो बरोब्बर माझ्या हिशेबाइतका होता.

आता हे कुणाला समजावून सांगायचं? विमान म्हणजे रस्त्याच्या कडेला लावता येणारी गाडी नव्हे. ते आकाशात उभं राहू शकत नाही. जितका वेळ वर आहे तितका वेळ इंधन पितंच. मग ही तेरा मिनिटं ते वर होतं, पण थेंबभरही न पिता वर होतं.

२

मी साहेबांकडे गेले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, म्हणजे ऐकताना मोबाइल फक्त दोनदा बघितला.

"इंधन जास्त लागतंय का?"

"नाही ना, तोच तर प्रश्न आहे."

"कमी लागतंय?"

"वेळेच्या मानाने कमीच म्हणायचं."

"मग रडता कशाला बाई?" साहेब हसले. "इंधन जास्त लागलं असतं तर मी तुमच्या खनपटीला बसलो असतो. वाचतंय तर पेढे वाटा."

मी म्हटलं, समुद्राच्या मधोमध एक टप्पा आहे, तिथे रडार पोहोचत नाही, विमानच आपण कुठे आहोत ते कळवत राहतं. त्या टप्प्यातला एकच निरोप उशिरा येतो. आधीचे वेळेवर, नंतरचे त्या उशिराच्या मागोमाग. म्हणजे जे काय होतंय ते तिथेच होतंय.

"यंत्रांची तपासणी झाली. घड्याळांची झाली. पायलटांची तक्रार नाही, प्रवाशांची नाही, तक्रार फक्त तुमची." साहेब उठले, म्हणजे मीही उठायचं होतं. "पुढच्या महिन्यापासून वेळापत्रकात पंचवीस मिनिटं वाढवून टाकतो. मग ते विमान उशिरा येणारच नाही."

आमच्या धंद्यातली ही जुनी युक्ती आहे. विमान वेळेवर येत नसेल तर वेळच पुढे सरकवायची. सगळ्याच कंपन्या करतात आणि मग छातीठोकपणे सांगतात की आमची विमानं वेळेवर असतात. मी दार आपटून बाहेर आले. त्या दाराला हळू बंद करणारी दांडी बसवलेली आहे, त्यामुळे तेही नीट आपटता आलं नाही.

३

त्या मार्गावरचा एक कॅप्टन माझ्या ओळखीचा होता. ओळखीचा म्हणजे आमची भांडणं जुनी. माझा प्रत्येक मार्ग त्याला वाकडा वाटायचा आणि तो फोनवर ते शेलक्या शब्दांत सांगायचा. त्याला मी कँटीनमध्ये गाठलं.

"मी सांगितला तो वारा बरोबर होता का?"

"अगदी बरोबर होता. तुमचं काम नेहमीच चोख असतं," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे बघतच राहिले. थट्टा करतोय असं वाटलं, पण चेहरा सरळ होता.

"मग उशीर का होतो?"

"आम्हाला वर जाणवत नाही. आमच्या मोजणीत वेळ पूर्वीइतकाच लागतो. उतरल्यावर विमानाचं घड्याळ जरा मागे दिसतं. मग आम्ही ते लावून घेतो."

"आणि प्रवासी?"

"प्रवासी काय, उतरल्यावर सगळे घड्याळं बदलतातच. देश बदलला की वेळ बदलते. फोन तर आपसूकच बदलतात. बावीस मिनिटं कुणाच्या लक्षात येणार?"

बावीस. माझ्याकडे तोवर तेराचाच आकडा होता. काल उतरलेल्या विमानाचे आकडे मी अजून पाहिले नव्हते.

तो चहा ढवळत बसला. मग म्हणाला, "माझी बायको म्हणते, हल्ली तुम्ही भांडत नाही. आणि हे ती तक्रार केल्यासारखं म्हणते. तुम्हाला यात काही अर्थ लागतो का?"

मला लागला नाही. चहा तसाच ठेवून, माझी खुर्ची नीट आत सरकवून तो गेला. पूर्वी हा माणूस ट्रेसुद्धा उचलत नसे.

४

त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. त्याची बदली होत होती, आणि नव्या गावात बाबांना नेणं त्याला जमणार नव्हतं.

"आता तुझी पाळी," तो म्हणाला. "तू येऊन घेऊन जा. एकटे सोडवत नाहीत."

"दुसऱ्या विमानाने आणलं तर? मधे बदलून?"

"त्यांच्या गुडघ्यांकडे बघ आणि मग बोल. एकच सरळ विमान आहे, आणि ते तूच उडवतेस ना?"

सख्ख्या भावालाही माझं काम कळलेलं नाही.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. मी एकटी राहते. बाबा आणि मी दोघंही तापट, पण आमचं जमतं. आई गेल्यावर मला 'घाईबाई' म्हणणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. लहानपणी मी चपला उलट्या घालून शाळेत पळायचे, तेव्हापासूनचं ते नाव. बाबांची खोली मी आठवडाभर आवरली, त्यांच्या पलंगाशी वाचायचा दिवा लावला. आणि मनात हेही होतं की ते विमान आता स्वतःच्या डोळ्यांनी बघेन. आकडे बघून बघून डोकं फिरायची वेळ आली होती.

५

बाबांना खिडकीजवळची जागा दिली. भूगोलाचे मास्तर, त्यामुळे खिडकी दुसऱ्याला मिळाली असती तर त्यांनी अकरा तास नकाशा कसा बघतात यावर त्या माणसाचा वर्ग घेतला असता. मनगटावर त्यांचं ते चावीचं घड्याळ होतं. ते बाबा कुठेही गेले तरी बदलत नाहीत. दादाकडे इतकी वर्षं राहिले, पण घड्याळ आमच्याच वेळेचं. कुणी विचारलं की म्हणायचे, "बेरीज-वजाबाकी येते मला."

मी त्यांना उशिराचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"अंतर तेवढंच, वेग तेवढाच, मग वेळ जास्त कसा लागेल? तुझंच काहीतरी चुकलंय. घाईघाईने बेरीज केली असशील."

"बाबा, मी हेच काम करते."

"म्हणून तर म्हणतो."

राग आला, पण सुखाचा. फोनवर मी मोजणी सुरू केली होती, समोरच्या छोट्या पडद्यावर उरलेलं अंतर दिसत होतं, आणि मांडीवर आईची शाल होती, कारण विमानात मला कायम थंडी वाजते. बाहेर लख्ख ऊन होतं. खाली पाण्याशिवाय काही नव्हतं.

तो टप्पा जवळ आला तेव्हा मी पूर्ण जागी होते. हे मी कुठेही शपथेवर सांगेन. हवाईसेविकेने नुकताच चहा आणून दिला होता, इतका कढत की कप टेबलावर ठेवावा लागला. बाबांनी माझा हात हातात घेतला होता. उरलेलं अंतर किलोमीटर किलोमीटरने कमी होत होतं आणि मी डोळ्याची पापणी न लववता बघत होते. आकडा एकदा थरथरला, पडदे थरथरतात तसाच. मग पुन्हा कमी होऊ लागला. बस्स, एवढंच. मला हसूच आलं. यासाठी मी महिनाभर डोक्याला ताप करून घेतला होता!

मी कप उचलला. चहा गार होता. वर साय धरली होती.

माझा हात मोकळा होता. बाबा खिडकीला पाठ टेकून, अंग चोरून बसले होते आणि माझ्याकडे बघत होते. अनोळखी माणूस जवळ येऊन बसला की आपण बघतो, तसं.

"बाबा, काय झालं?"

त्यांनी रांगेकडे पाहिलं, मागच्या रांगांकडे पाहिलं. सगळीकडे माणसं आपापल्या जागी होती, कुणी खात होतं, कुणी घोरत होतं. मग ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "काही नाही. तुमचा चहा गार झाला."

६

उतरल्यावर फोनची मोजणी पाहिली. माझ्या हिशेबाइतकाच वेळ लागला होता. भिंतीवरच्या घड्याळाने बावीस मिनिटं जास्त दाखवली. बाबांच्या मनगटावरचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी काट्याला काटा जुळत होतं. सगळ्या विमानात तेवढं एकच घड्याळ चालू राहिलं होतं. आईची शाल कुठेच सापडली नाही. सीटखाली, बॅगेत, हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर, सगळीकडे शोधलं.

घरी आल्यावर मला वाटलं, झोप काढली की ठीक होतील. पण बाबा ठीकच होते. शब्दकोडं पेननेच सोडवत होते. दादाशी फोनवर तासभर राजकारणावर भांडले. खालच्या मजल्यावरच्या आजोबांचं नाव एकदा ऐकून लक्षात ठेवलं. फक्त माझ्याशी बोलताना ते 'तुम्ही' म्हणत. मी जेवायला वाढलं की म्हणत, "तुम्हाला उगाच त्रास." त्यांच्या खोलीत मी दार न वाजवता गेले की पांघरूण नीट करून उठून बसत.

डॉक्टर म्हणाले, वय, प्रवासाचा शीण, जागाबदल. होतं असं कधी कधी, एकाच माणसाबद्दल होतं. जागाबदल! मी खोलीभर आकडे घेऊन गेले असते तरी ते हेच म्हणाले असते.

दादा म्हणाला, "इथे तर ठणठणीत होते. तू केलंस तरी काय?"

मी फोन पलंगावर फेकला. भिंतीवर फेकायचा होता, पण नवा होता.

मग मी पुरावे द्यायला लागले. कोपरावरची खूण दाखवली, झाडावरून पडल्याची. उलट्या चपलांची गोष्ट सांगितली. माझ्या परीक्षेच्या सकाळी पेन भरताना आईने माझ्या नव्या कपड्यांवर शाई सांडली होती, ते सांगितलं. बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि कौतुकाने हसले.

"तिनं सांगितलं असेल तुम्हाला. गप्पिष्ट आहे ती. शेजारच्या सीटवरच्या माणसालाही सगळं घरचं सांगत बसते."

"बाबा, मीच आहे हो! तुमच्या शेजारी मीच होते!"

"आधी ती होती," ते म्हणाले. "मग सगळेच उठून गेले. एकदम, रांगेने, कुणी काही न बोलता. मी तिचा हात धरला होता, पण तिला घाई. कायमची घाई. मग बराच वेळ विमानात मी एकटाच. इंजिनाचा आवाजसुद्धा नव्हता. मग सगळे येऊन बसले." एवढं बोलून त्यांनी चष्मा पुसला. "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुमचा स्वभाव चांगला आहे. पण ती अजून उतरलेली नाही."

त्या रात्री, नाही, त्या रात्रीच काय, नंतर कित्येक दिवस मी एकच करत होते. बाबांना, दादाला, कुणालाच मी न सांगितलेलं असं काहीतरी आठवायचा प्रयत्न. आठवत होतं, भरपूर आठवत होतं. पण सगळं एखाद्याने मला नीट सांगून ठेवल्यासारखं आठवत होतं. मग मी स्वतःला समजवायचे, आठवणी अशाच असतात, जुन्या झाल्या की ऐकीव वाटतात. आणि मी इतकी चिडते, दारं आपटते, फोन फेकते. म्हणजे मीच असणार ना? इतकी चिडकी दुसरी कोण असेल?

७

बाबा रोज दुपारी कपडे करून दाराशी उभे राहू लागले. ते विमान यायच्या वेळी त्यांना विमानतळावर जायचं असे. पहिल्या दिवशी मी नाही म्हटलं, तेव्हा ते तसल्या दुखऱ्या गुडघ्यांनिशी जिना उतरून रस्त्यावर गेले. मग मी रोज नेऊ लागले. माझी दुपारची सुट्टी तिथेच जायची. बाहेर येणाऱ्यांच्या दाराशी एक कठडा आहे, त्याला धरून बाबा उभे राहायचे. शेजारी मी. काचेचं दार सरकायचं, माणसं यायची, दार मिटायचं. शेवटची ढकलगाडी बाहेर आली की बाबा म्हणायचे, "आज नाही आली. चला, तुम्हाला ऑफिस असेल."

पुढच्या महिन्यात वेळापत्रकात पंचवीस मिनिटं वाढली. विमान आता रोज वेळेवर. साहेबांनी मला जिन्यात गाठून विचारलं, "आता तरी समाधान?" मी हो म्हटलं. वरच्या मजल्यावर पोहोचल्यावर लक्षात आलं की मी खरंच नुसतं हो म्हटलं होतं, टोमणाही न मारता.

काल दुपारी निघण्याआधी मी पडद्यावर नजर टाकली. ते विमान वेळेच्या कितीतरी आधी उतरलं होतं. वारा समोरून होता, तरीही. टाकीचा आकडा पाहिला. या वेळी ते जितका वेळ वर होतं त्यापेक्षा जास्त प्यालं होतं. महिनाभरापूर्वी हे पाहून मी साहेबांच्या टेबलावर मूठ आपटली असती. मी पडदा बंद केला, किटलीचं झाकण जमेल तेवढं बसवलं आणि बाबांना आणायला गेले.

कठड्याशी गर्दी होती. दार सरकलं, मिटलं, सरकलं. आणि बाबा एकदम ताठ झाले. गेल्या कित्येक आठवड्यांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनी कठडा सोडला आणि त्या गुडघ्यांनी जवळजवळ धावले.

"घाईबाई! अगं किती उशीर!"

मी मान वर केली नाही. मला जमलं नाही. मला फक्त फरशी दिसत होती, ढकलगाडीचं एक चाक, आणि घाईघाईने बांधलेल्या नाडीचे बूट. डाव्या बुटाची गाठ दोनदा मारलेली, मी मारते तशी. त्यांच्यावर लोंबणारं शालीचं टोक, आईने रफू केलेलं.

"बाबा, इतका वेळ उभे? बसायला काय झालं होतं? गुडघे कुणाचे आहेत, माझे?" आवाज चढलेला होता, वैतागलेला होता, आणि त्यात रडूही होतं. "कुणी खुर्ची नाही दिली तुम्हाला?"

मग ते बूट माझ्याकडे वळले.

"या कोण?"

"यांनीच मला रोज आणलं," बाबा म्हणाले. "फार सांभाळलं. अगदी शांत बाई आहेत."

मला आजवर कुणीही शांत म्हटलेलं नाही. चाक फिरलं, बूट फिरले, बाबांच्या चपला त्यांच्या बाजूने चालू लागल्या, आणि त्या चढ्या आवाजातलं बोलणं गर्दीत दूर जात राहिलं. मी कठड्याला धरून उभी राहिले. माझे बाबा कुणीतरी घेऊन चाललं होतं, आणि मी राग यायची वाट बघत होते.